हवा मानवण्याचे गणित

वाचकांचे प्रश्न

या वेळी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एकाच पाकिटात तीन पत्रे आली. तिन्ही एकाच विषयाची असल्यामुळे या अंकाचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : महोदय, मी तालुक्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघे मिळून एक व्हिडिओ गेम तयार करीत आहोत. त्यातील नायक कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा असून तो एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत पायी जातो. पडद्यावर ‘दम’ दाखवणारी एक पट्टी आहे. दर हजार मीटरला ती दहा टक्क्यांनी आखूड होते आणि खाली उतरले की लगेच भरते. ज्यांनी खेळून पाहिले त्या सर्वांना हे खोटे वाटते, पण काय चुकते ते कोणालाच सांगता येत नाही. आमच्यापैकी कोणीही चिखलदऱ्याहून उंच जागा पाहिलेली नाही. विरळ हवा आणि तिची सवय होणे हे गेममध्ये खरे वाटेल असे कसे दाखवावे?

उत्तर : तुमची पट्टी फक्त उंची पाहते, आणि चूक नेमकी तिथे आहे. माणूस त्या उंचीवर किती दिवसांपासून आहे आणि तिथवर किती वेगाने आला, याची तिला काहीच माहिती नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तिघे फ्रेंच प्रवासी दोन-तीन तासांत आठ हजार मीटरच्या वर गेले. त्यांच्याजवळ ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या, परंतु त्यांची नळी तोंडाशी नेण्याइतकीही शक्ती हातांत उरली नाही. तिघेही बेशुद्ध झाले आणि एकटे तिसांदिए जिवंत परतले. त्यानंतर ८ मे १९७८ रोजी राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर ८,८४८ मीटरवरील एव्हरेस्टच्या माथ्यावर कृत्रिम ऑक्सिजनशिवाय, स्वतःच्या पायांनी पोहोचले आणि सुखरूप उतरले. फुगा जिथे गेला त्याहून ते उंच होते, पण तिथवर जाण्याआधी त्यांनी कित्येक आठवडे डोंगरावर घालवले होते. आपल्याकडे एखाद्याला नव्या गावचे ‘हवापाणी मानवले’ असे म्हणतात. तुमच्या गेममध्ये हे मानवणेच नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, नायकासाठी एकाऐवजी दोन उंच्या साठवा. पहिली म्हणजे तो प्रत्यक्ष जिथे उभा आहे ती, आणि दुसरी म्हणजे त्याच्या शरीराला जी मानवली आहे ती. दुसरीला आपण ‘शरीर-उंची’ म्हणू. शरीर-उंची प्रत्यक्ष उंचीच्या मागे रेंगाळत जाते आणि या दोघींमधला फरक हाच तुमच्या खेळाचा कणा होतो.

आधी प्रत्यक्ष उंचीचे पाहू. उंचावर ‘ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते’ असे सर्रास लिहिले जाते, पण हवेतील ऑक्सिजनचा वाटा नागपुरातही सुमारे २१ टक्के असतो आणि एव्हरेस्टवरही तेवढाच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. तो काढण्यासाठी जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये मांडलेले सूत्र तुमच्या कामाला पुरेसे आहे. उंची किलोमीटरमध्ये घ्यावी, ६.६३२६८ मधून उंचीची ०.१११२ पट आणि उंचीच्या वर्गाची ०.००१४९ पट वजा करावी, आणि जे उरेल त्याचे घातांकी फल (e या संख्येचा तितकावा घात) काढावे, म्हणजे वायुदाब मिलिमीटर पाऱ्यात मिळतो. १९८१ च्या मोहिमेत एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रत्यक्ष मोजलेला दाब २५३ मिलिमीटर होता आणि हे सूत्रही जवळजवळ तोच आकडा देते. विमानांसाठी वापरले जाणारे प्रमाणित वातावरणाचे कोष्टक तिथे २३६ च्या आसपास दाब दाखवते, म्हणून ते घेऊ नका. माथ्याजवळ हा फरक जीवनमरणाचा असतो.

श्वासनलिकेत शिरताच हवा ओलसर होते आणि त्या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर असतो. तो वजा करून उरलेल्याला ०.२०९ ने गुणले की श्वासातील ऑक्सिजनचा दाब हाती येतो. नागपूरला तो सुमारे १४४ येतो, अकराशे मीटरवरील चिखलदऱ्याला १३०, साडेतीन हजार मीटरवरील लेहला ९६, ५,३६४ मीटरवरील तळछावणीला ७४ आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ४३. चिखलदऱ्याला तुमच्या नायकाला जवळजवळ काहीच जाणवले नाही तर गेममध्ये दोष आहे असे समजू नका. तिथे खरोखरच तसे होते.

आता शरीर-उंचीकडे वळू. दोन उंच्यांमधला फरक ठरावीक काळात ठरावीक पटीने कमी होतो असे धरावे. मी त्यासाठी तीन दिवसांचा कालांक सुचवतो. याचा अर्थ असा की, नायक एकाच जागी राहिला तर तीन दिवसांनी फरक मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो आणि सहा दिवसांनी साडेतेरा टक्क्यांवर. तीन दिवस हा निसर्गाने कोरून ठेवलेला आकडा नसून मी केलेली निवड आहे, परंतु ती पडताळून पाहता येते. तुमचे गाव ४०० मीटरवर आहे असे धरू आणि नायकाला दिल्लीमार्गे विमानाने थेट लेहला उतरवू. उतरताच फरक ३,१०० मीटरचा असेल, ४८ तासांनी तो सुमारे १,६०० होईल आणि सहा दिवसांनी ४२० च्या आसपास येईल. लेहला उतरणाऱ्या प्रवाशांना पहिले ४८ तास विश्रांती घ्यायला सांगतात आणि आपले सैन्य पहिल्या टप्प्यावर जवानांना सहा दिवस ठेवते. आपले साधे समीकरण या दोन्हींशी जुळते, म्हणून १,६०० मीटरचा फरक हा धोक्याचा उंबरठा मानायला मला संकोच वाटत नाही. मात्र अडीच हजार मीटरच्या खाली फरक कितीही असला तरी आजार दाखवू नये.

हेच तुमच्या वाटेवर लावून पाहा. काठमांडूत काही दिवस काढून शरीर-उंची १,००० मीटर झाली आहे असे धरले आणि फाकडिंग, नामचे, तेंगबोचे, डिंगबोचे व लोबुचे असे मुक्काम घेतले, तर नामचे आणि डिंगबोचे येथे एकेक दिवस जास्त थांबणारा नायक ४,९४० मीटरवरील लोबुचेला पोहोचतो तेव्हा फरक सुमारे १,३४० मीटर भरतो. जो कुठेच थांबत नाही त्याचा फरक त्याच जागी सुमारे १,८७० असतो. वाट आणि उंची दोघांची एकच आहे, पण दोन दिवसांच्या थांबण्याने एक जण उंबरठ्याच्या अलीकडे राहतो आणि दुसरा पलीकडे जातो. खेळणाऱ्याला हे उमगले की पट्टीची गरज उरत नाही.

हे संगणकाला सांगताना एक काळजी घ्या. प्रत्येक फ्रेमला फरकाचा ठरावीक अंश वजा करण्याची चूक नवशिके हमखास करतात. तसे केले तर सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या संगणकावर नायकाला हवा लवकर मानवते आणि ३० फ्रेम दाखवणाऱ्या जुन्या फोनवर उशिरा. त्याऐवजी उलटलेल्या वेळेला कालांकाने भागून, त्याचे ऋण चिन्हासह घातांकी फल काढावे आणि फरकाला त्याने गुणावे. मग नायक आठ तास झोपला तरी ते आठ तास एकाच पायरीत पुढे नेता येतात आणि उत्तर बदलत नाही. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपण्याचा गिर्यारोहकांचा नियमही वेगळा लिहावा लागत नाही, कारण माणूस वर थोडे तास काढतो आणि मुक्कामी पुष्कळ.

मात्र सवय झाली म्हणजे सगळे भरून निघाले असे दाखवू नका. पंधराशे मीटरच्या वर दर शंभर मीटरला माणसाची कमाल कार्यक्षमता साधारण एक टक्क्याने घटते आणि हवा मानवल्यावरही ती फारशी परत येत नाही. म्हणून चालण्याचा कमाल वेग प्रत्यक्ष उंचीवरून ठरवा, आणि डोकेदुखी, झोप, भूक व थकवा उतरायला लागणारा वेळ हे फरकावरून ठरवा. या दोन गोष्टी एका पट्टीत कोंबल्यामुळेच तुमचा गेम खोटा वाटतो.

रक्तातील लाल पेशींचे वाढणे तुम्ही खुशाल वगळा. ‘उंचावर रक्त वाढते म्हणून सवय होते’ असा समज सर्वत्र आहे, परंतु नव्या पेशी तयार व्हायला आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्त दाट होते ते त्यातील पाण्याचा अंश घटल्यामुळे. बारा दिवसांच्या वाटचालीत खरे काम श्वास करतो. माणूस खोल आणि भराभर श्वास घेऊ लागतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते, आणि मूत्रपिंडे पुढचे काही दिवस ते संतुलन सावरत राहतात.

पट्टीच्या जागी नायकाच्या पिशवीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवा. करोनाच्या काळापासून तो आपल्या गावागावांत सर्वांना ठाऊक झाला आहे. त्यावरचा आकडा असा काढावा : श्वासातील ऑक्सिजनच्या दाबातून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाची सव्वापट वजा करा. उरलेल्या संख्येचा घन आणि तिचीच १५० पट यांची बेरीज करून तिने २३,४०० ला भागा, भागाकारात १ मिळवा आणि १ ला त्या संख्येने भागा. शेवटची पायरी सेव्हरिंगहाउस या वैद्यकीय संशोधकांच्या १९७९ च्या सूत्राची आहे. लेहला पहिल्या दिवशी कार्बन डायऑक्साइडचा दाब ३६ धरला तर उत्तर ८६ टक्के येते, आणि सवय झाल्यावर तो ३० झाला की ९० टक्के. चार टक्क्यांची ही वाढ दिसायला लहान आहे, पण ती पाहण्यासाठी तुमचा खेळाडू मनापासून वाट पाहील याची मला खात्री वाटते.

आवाजाकडेही लक्ष द्या. उंचावर झोपेत श्वास लयीत चालत नाही. काही खोल श्वास होतात, मग दहा-बारा सेकंद काहीच ऐकू येत नाही, आणि मग एकदम मोठा श्वास येतो. मी लेहला पहिल्या रात्री शेजारच्या खाटेवरील सोबत्याचे असे थांबणे ऐकत जागा राहिलो होतो. रात्री गाव निजल्यावर तुमच्यापैकी एकाने अशा श्वासाची नक्कल करून ती फोनवर रेकॉर्ड करावी. त्यासाठी कोणतेही महाग साधन लागत नाही.

शेवटी, थांबणे कंटाळवाणे होऊ नये म्हणून घाईलाही सबळ कारण द्या. तुमचा नायक शेतकऱ्याचा मुलगा आहे. मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्याला पेरणीसाठी घरी पोहोचायचे आहे असे ठरवा. मग विश्रांतीचा प्रत्येक दिवस त्याला पेरणीच्या हिशेबातून काढावा लागेल.

प्रश्न : मी याच गेमची कथा आणि चित्रे पाहते. नायकाला उंचीचा आजार होतो की नाही हे आम्ही रोज रात्री संगणकाच्या यादृच्छिक आकड्यावर सोडले आहे. एका मैत्रिणीचा नायक सगळे नीट करूनही तीनदा आजारी पडला आणि तिने खेळणेच सोडले. नशीब काढून टाकावे का? आणि औषधे कशी दाखवावीत?

उत्तर : रोज रात्रीचे नशीब काढा, पण माणसामाणसांतील फरक ठेवा. दोघे एकाच वेगाने चढले तरी एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचे डोके फुटू लागते, हे खरे आहे. तेव्हा खेळाच्या सुरुवातीलाच नायकाचा उंबरठा एकदा ठरवावा, समजा १,३०० ते १,९०० मीटरच्या दरम्यान, आणि तो खेळ संपेपर्यंत बदलू नये. खेळाडूला तो आकडा सांगू नका. पहिल्या डोकेदुखीतून त्याला तो ओळखू द्या. प्रत्यक्षातही मागील खेपेचा अनुभव हाच पुढच्या खेपेचा सर्वांत भरवशाचा अंदाज असतो. पिळदार शरीर आणि हा उंबरठा यांचा काही संबंध लावू नका. कबड्डी गाजवणाऱ्या तरुणालाही हा आजार गाठतो, किंबहुना तो जोरात चढतो म्हणून त्याला लवकर गाठतो.

तुमच्या कथेसाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे या आजाराला लागणारा उशीर. वर पोहोचताच काहीही होत नाही. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे आणि चक्कर ही लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी १९६९ मध्ये हिमालयातील १,९२५ जवानांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि त्यांत हा काळ ६ ते ९६ तासांचा आढळला. म्हणून नायकाला संध्याकाळी उत्साहात पळू द्या, जेवू द्या, हसू द्या. हिशेब रात्री करा. चूक आणि तिचे फळ यांच्यात एक रात्र राहिली की खेळाडू पुढच्या वेळी स्वतःहून सावध होतो.

गंभीर रूपे दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. फुफ्फुसात पाणी साठते तेव्हा बसल्या जागी धाप लागते आणि खोकला येतो. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास होते. मेंदूला सूज येते तेव्हा माणूस बरळतो आणि त्याचा तोल जातो. डोंगरावर त्याची परीक्षा म्हणून टाचेला पंजा लावत सरळ रेषेवर चालायला सांगतात. हा प्रसंग खेळाडूच्या हातात द्या. नायक रेषेवरून घसरत असताना खेळाडूला कळू लागले की आता वर जाता येणार नाही, तर कुठलीही सूचना पडद्यावर लिहावी लागणार नाही. दोन्हींवर खरा उपाय म्हणजे ताबडतोब खाली उतरवणे आणि मिळेल तिथे ऑक्सिजन देणे. लक्षणे असताना वर चढू देण्याचा पर्याय खेळात ठेवा, पण तो कधीही लाभाचा ठरू देऊ नका.

औषधांच्या बाबतीत तुमच्या हाती एक सुंदर भेद आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांकरवी रक्तातील बायकार्बोनेट बाहेर टाकते आणि श्वास वाढवते, म्हणजे ते सवय होण्याचा वेगच वाढवते. त्याने तीन दिवसांचा कालांक थोडा लहान करावा. डोकेदुखीची साधी गोळी मात्र फरकाला हात लावत नाही, केवळ त्याची खूण लपवते. दोन्ही गोळ्या पिशवीत शेजारी ठेवा आणि खेळाडूला त्यांच्यातील अंतर अनुभवाने शिकू द्या. मात्रा कुठेही लिहू नका. ते डॉक्टरांचे काम आहे, आणि गेमच्या पहिल्या पडद्यावर तसे स्पष्ट म्हणा.

प्रश्न : राम राम. या पोरांपैकी एक माझा मुलगा आहे. गेम चांगला आहे, पण त्यांना बर्फच कशाला पाहिजे? आमच्या वावरात मे महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन असते. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या नवतपात आला, की दोन तासांत सावली शोधतो आणि आम्ही दिवसभर राबतो. हेही हवा मानवण्यासारखेच नाही का? तेही या गणितात बसते का?

उत्तर : बसते, आणि तुमचे निरीक्षण अचूक आहे. उन्हाची सवय साधारण एक ते दोन आठवड्यांत होते आणि त्यातला बराच भाग पहिल्या आठवड्यातच पदरात पडतो. शरीर-उंचीच्या जागी ‘मानवलेले ऊन’ ठेवले की समीकरण तेच राहते. फरक असा की, उंचावर नुसते झोपून राहिले तरी हवा मानवते, पण ऊन मानवायला उन्हात अंग हलवावेच लागते. घरात पंख्याखाली काढलेला दिवस हिशेबात धरता येत नाही. म्हणून मुलांनी घड्याळाच्या तासांऐवजी उन्हातील कामाचे तास मोजावेत. काम सुटले की ही सवय काही आठवड्यांत ओसरते, आणि पुतण्याचे नेमके तेच झाले आहे. त्याला धाकात किंवा लाजेत ठेवू नका. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था उन्हात नव्याने आलेल्या मजुराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शापुरतेच काम द्यावे आणि पुढे रोज तेवढेच वाढवावे, असे सुचवते. म्हणजे पूर्ण दिवसाचे काम पाचव्या दिवशी येते.

मुलांनी एक गोष्ट उलटी करू नये. सवय झालेल्या माणसाला पाणी कमी लागते असे ते सहज धरतील. प्रत्यक्षात त्याचा घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, फक्त त्यातले मीठ कमी होते. म्हणजे सरावलेल्या गड्याला पाणी जास्त लागते. गेममध्ये वावराच्या धुऱ्यावर ठेवलेला पाण्याचा माठ पुतण्यापेक्षा तुमच्यासाठी लवकर रिकामा झाला पाहिजे.